डावी मूठ वेगळी, उजवी मूठ वेगळी

(लडाखला निघालेल्या पुण्यातल्या एका रायडिंग ग्रुपसमोर शनिवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, बसून घ्या. पुढच्या रांगेत जागा आहे, हेल्मेट खुर्चीखाली सरकवा. हॉल आपल्याला साडेसातपर्यंतच मिळालाय. त्यानंतर इथे भजनी मंडळाची तालीम आहे आणि त्यांचा तबलजी आत्ताच दारात येऊन घड्याळ बघून गेला.

विषय तुम्हाला माहीतच आहे. गेला महिनाभर तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: "काका, हीटेड ग्रिप आणल्यात, कोणता गम लावू?" हीटेड ग्रिप म्हणजे हँडलवरच्या, बॅटरीवर तापणाऱ्या गरम मुठी. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर बोलावं म्हटलं. आधी ही वस्तू फिरवतो. डावीकडून सुरू करा आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. उजव्या हाताची, थ्रॉटलची म्हणजे रेस द्यायची प्लास्टिकची नळी आहे. मूठ हिच्यावर चढते. तिच्यावर नख ओढून बघा. कसं सरकतं? साबणाच्या वडीवरून सरकावं तसं. तिच्यासोबतच्या पांढऱ्या पापुद्र्याकडेही नीट बघा. पुढची वीस मिनिटं मी त्या पापुद्र्याबद्दलच बोलणार आहे.

तुमच्यातल्या नव्या लोकांसाठी सांगतो, माझी नोकरीची बावीस वर्षं भोसरीत ब्रेक शूवर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा पट्टा, चिकटवण्यात गेली. मोटरसायकलच्या ड्रम ब्रेकचा लायनर रिव्हेट ठोकून बसवतात असं पुष्कळांना वाटतं. रिव्हेट नसतो तिथे. फिनॉलिक गम असतो. शूचा पत्रा शॉटब्लास्ट करून, म्हणजे जोरात बारीक छर्रे मारून, खरबरीत करायचा, त्याला बोट लावायचं नाही, गमाचा थर द्यायचा, लायनर दाबून धरायचा आणि भट्टीत तापवून पक्का करायचा. घाटात उतरताना तुमचा जीव ज्याच्यावर असतो तो सांधा चिकटवलेला असतो. म्हणून "चिकटवलंय ना, निघेलच कधीतरी" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. नीट चिकटवलेलं निघत नाही. निघालं, तर कोणीतरी एक पायरी गाळलेली असते.

आता त्या नळीची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आम्ही सात गाड्या घेऊन मनालीहून लेहला निघालो होतो. माझी पुतणी बरोबर होती, तिची पहिलीच लडाखवारी. तिला थंडीत बोटं पांढरी पडायचा त्रास आहे, म्हणून हट्टाने गरम मुठी घेतल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी पुण्यातल्या एका दुकानात बसवून आणल्या. मी त्या आठवड्यात गावाला होतो. परत आलो तेव्हा गाडी ट्रकवर चढवूनही झाली होती. मी फक्त विचारलं, "घट्ट बसल्यात ना?" ती म्हणाली, "काका, दगडासारख्या."

अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलो, जिस्पाला मुक्काम केला. सकाळी सहाला निघालो तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं. तिने मुठी फुल्ल वर टाकल्या आणि इंटरकॉमवर म्हणाली, "काका, हे म्हणजे चहाचा कप धरून गाडी चालवण्यासारखं आहे." झिंगझिंगबारपर्यंत मजेत होती. पुढे बारालाचाचा चढ सुरू झाला, १६,००० फुटांची खिंड ती, आणि वरून पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडायला लागलं.

वर एक नाला रस्त्यावरून वाहतो. तुमच्यातल्या गेलेल्यांना आठवत असेल. सकाळी पाणी कमी असतं, पण खालचे गोटे हलतात. अशा जागी काय करायचं ते आपण सगळ्यांना शिकवतो: पहिला गिअर, नजर पलीकडच्या काठावर, रेस सारखी, क्लचला उगाच हात नाही. तिने अगदी तसंच केलं. बरोबर मधोमध आल्यावर इंटरकॉमवर तिचा आवाज आला. ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "काका, मी रेस देतेय, पण गाडी घेत नाहीये."

मूठ नळीवर फिरत होती. हात वळत होता, आतली नळी जागच्या जागी. गाडी घुटमळली, बंद पडली. तिने दोन्ही पाय खाली टाकले. गुडघ्यापर्यंत बर्फाचं पाणी, बुटात पाणी, समोरच्या वळणावरून डिझेलचा टँकर उतरतोय. आम्ही दोघांनी मागून ढकलून गाडी बाहेर काढली. पाच मिनिटांत तिची बोटं पांढरीफटक झाली. जी वस्तू बोटं वाचवायला घेतली होती, तिनेच हे केलं.

मी झिंगझिंगबारच्या एका तंबूवाल्या ढाब्यापर्यंत गाड्या परत वळवल्या. चुलीजवळ तिला बसवलं आणि मूठ ओढली. मोज्यासारखी हातात आली. आत हा पापुद्रा. अख्खा, न तुटलेला, नळीला कुठेही न चिकटलेला. मी तो बोटाने सोलला तेव्हा ढाब्यावरचा पोरगा म्हणाला, "अंडे का छिलका है क्या?" तसाच दिसत होता.

लायनरवाल्या माणसाला हा पापुद्रा सगळं सांगतो. गम खराब झालेला नव्हता. सुकला होता. मुठीच्या आतल्या बाजूला पकडला होता. पण नळीला तो कधी चिकटलाच नव्हता, नुसता टेकला होता. ह्या नळ्या बहुधा नायलॉन, अ‍ॅसिटल नाहीतर पॉलिथिन जातीच्या असतात. अ‍ॅसिटल आणि पॉलिथिनवर सहसा गम नीट पसरायलाच तयार नसतो, अळूच्या पानावर पाणी गोळा होतं तसा गोळा होतो. त्यावर घरच्या घरी उपाय एकच, पृष्ठभाग ओरबाडून काढायचा, म्हणजे गम ओरखड्यांत शिरून अडकतो. तिच्या नळीवरच्या उभ्या रेघा कानशीने काढल्या होत्या, मूठ आत जावी म्हणून, ते बरोबरच. पण नंतर बारीक पॉलिश पेपर मारून नळी गुळगुळीत, चकचकीत केली होती. कामाची हौस होती हो त्या माणसाला. पण चुकीच्या जागी.

परत आल्यावर मी त्या दुकानात गेलो. भांडायला नाही, समजून घ्यायला. तो मनापासून म्हणाला, "सर, मी तर सॅनिटायझरने पुसून मग लावलं." आता हे ऐका, कारण तुमच्यातले दहाजण तरी हेच करणार आहेत. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं हे खरं, पण हाताची त्वचा फुटू नये म्हणून त्यात ग्लिसरीन टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मिश्रणातच ते १.४५ टक्के आहे. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन मागे राहतं. म्हणजे पुसून पुसून तुम्ही तेलाचा हात फिरवलात. पेट्रोल आणि रॉकेलचंही तेच, मागे तवंग राहतो. थिनर तर काही जातींचं प्लास्टिकच खातो. केमिस्टकडे किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, तेच आणा. आणि पांढरी, धुतलेली चिंधी घ्या. गॅरेजची नको.

आणि त्याने लावलं होतं काय? किराणा दुकानात मिळतो तो झटपट गम. सायनोअ‍ॅक्रिलेट. ज्यांच्या बोटाला कधी ना कधी बोट चिकटलंय त्यांनी हात वर करा. बरं. ज्यांचे हात वर आले नाहीत, त्यांचे अजून चिकटलेले असतील.

ह्या गमाची जन्मकथा मला फार आवडते, दोन मिनिटं घेतो. १९४२ साली ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ हातात आला, पण तो लागेल तिथे चिकटायचा, म्हणून बाजूला ठेवून दिला. १९५१ मध्ये पुन्हा तोच त्रास झाला, तेव्हा लक्षात आलं की त्रास म्हणजेच गुण आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला. हवेतल्या ओलाव्याने तो सुकतो. म्हणूनच पुण्याच्या जूनमध्ये, आर्द्रता भरपूर असताना, मूठ अर्ध्यावर गेली की तो पकडतो आणि मग ती ना आत जाते ना बाहेर येते. सुकला की काचेसारखा कडक. ओढताण सोसतो, पण सिंगल सिलिंडरचा थरथराट, शून्याखालून पन्नास अंशांपर्यंत रोजचं तापणं-गारठणं आणि वर पाणी हे त्याला मानवत नाही. काही ग्रिपच्या डब्यात कंपनीच हा गम देते हे मला माहीत आहे. नळी नीट ओरबाडलेली असेल, हात चपळ असेल, तर तो टिकतोही. मी मात्र माझ्या माणसाला तो लावून देणार नाही.

तिची मूठ त्या दिवशी कशी बसवली, तेही सांगतो. कोणाच्या तरी टूलकिटमध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. त्याची पातळ पट्टी नळीवर गुंडाळली, वरून मूठ दाबली, मुठीच्या दोन खाचांत बाइंडिंग वायर पिळून टोकं आत वळवली. लेहपर्यंत टिकलं. तंगलंग ला ही खिंडही त्याच मुठीने पार केली. पण हीटर बंद ठेवावा लागला, कारण गरम झालं की खालचं रबर सरकायचं. तिने हातमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि दर अर्ध्या तासाला थांबून सायलेन्सरवर हात शेकले.

चिठ्ठी आली. "दहा मिनिटं." म्हणजे ज्यासाठी तुम्हाला बोलावलं ते आता दहा मिनिटांत. वही काढा.

माझं म्हणणं एवढंच की दोन मुठी म्हणजे दोन वेगळे सांधे, आणि दोघांना एकच गम लावणं हीच चूक. सगळे विचारतात, "सर्वांत मजबूत कोणता?" मजबुतीचा प्रश्नच नाही. १२ सेंटिमीटरची मूठ, २५ मिलिमीटरची नळी, म्हणजे जवळजवळ ९४ चौरस सेंटिमीटर जागा. एवढ्या जागेवर साधा सिलिकॉनही तुमच्या मनगटाला पुरून उरतो, तो खरोखर चिकटला असेल तर. विचारायचं असतं ते हे की तो कशाला चिकटणार आणि उद्या निघणार कसा.

उजवी. खाली प्लास्टिक, सतत पिळली जाते, आणि सुटली तर जीवावर बेतते. पण ती नळी हा स्वतंत्र, बदलता येणारा भाग आहे. म्हणून इथे कायमचं चिकटवा: सावकाश सुकणारा दोन ट्यूबचा इपॉक्सी. पाच मिनिटांवाला नको, तो उष्णतेने लवकर मऊ पडतो आणि घाईही करायला लावतो. आधी सगळं कोरडं बसवून, थ्रॉटल बंद असताना हीटरची वायर कुठे येते तिथे मुठीवर आणि नळीवर पेनाने खूण करा. मग स्विचच्या डबीचे स्क्रू काढा, केबल सोडवा आणि नळी काढून टेबलावर घ्या. गाडीवर चिकटवाल तर गम डबीत जाईल, थ्रॉटल उघडा अडकेल. त्यापेक्षा मूठ न चिकटलेली बरी. ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन आडवंतिडवं ओरबाडा, अल्कोहोलने पुसा, नळीत कागदाची सुरळी कोंबा, पातळ थर द्या. डबीकडची एक इंच जागा कोरडी सोडा. मूठ हळूहळू पिळत चढवा, खुणेला खूण जुळवा, २४ तास हात लावू नका. ज्यांची गाडी राइड-बाय-वायर आहे, म्हणजे रेस केबलऐवजी विजेच्या वायरने जाते, त्यांनी नळी काढायच्या आधी मला भेटा.

डावी. खाली धातूचा २२ मिलिमीटरचा दांडा. इथे पिळणं नाही, बाहेर सरकण्याची आणि पाणी शिरण्याची भीती. हँडल, क्लचचा लिव्हर, स्विच काहीही बदलायचं तर ही मूठ आधी निघायला हवी. इपॉक्सी लावलात तर ब्लेडने कापून काढावी लागते, आतली हीटरची तार गेलीच समजा. म्हणून इथे सिलिकॉन सीलंट. उष्णतेची त्याला फिकीर नाही आणि तो लवचीक राहतो. फक्त व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, तो तांब्याची वायर खातो. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं बघा. सिलिकॉन कडेकडून आत सुकत जातो, दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणून अख्खा दांडा माखू नका. दोनच कडी: एक दांड्यावर, स्विचच्या बाजूला. दुसरं मुठीच्या आत, बाहेरच्या टोकाशी, बोटाने. का? कारण मूठ सरकवताना ह्याच दोन जागा अगदी शेवटी दांड्याला भिडतात, वाटेत पुसल्या जात नाहीत. दुसरं कडंही दांड्यावरच, बाहेरच्या टोकाला लावलात आणि मूठ सरकवलीत, तर सगळा सिलिकॉन गोळा होऊन स्विचवर येतो. करून बघा, पटेल.

डावी मूठ उजवीपेक्षा गार लागेल. ती बिघडलेली नाही. धातूचा दांडा उष्णता ओढून घेतो, उजवीकडे प्लास्टिक मध्ये असतं. पंक्चरवाल्याचं सोल्युशन, फेविबाँडच्या जातीचा रबरी गम आणि केसांचा स्प्रे साध्या मुठींना चालतो. गरम मुठींखाली हे तिन्ही मऊ पडतात. आणि हीटर साडेतीन-चार अँपियर ओढतो, म्हणजे १२ व्होल्टला ४५ वॅटच्या आसपास, तेव्हा रिले लावा, फ्यूज लावा, किल्लीवर चालू होईल असं जोडा.

तबलजी आत आले. शेवटचं. तुम्ही पुढच्या शनिवारी पहाटे निघताय, म्हणून मुठी उद्या रविवारीच बसवा. उजवी सोमवारी संध्याकाळी गाडीवर चढवा. स्विचच्या डबीपासून एक-दोन मिलिमीटर फट ठेवा, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून रेस सोडा, थ्रॉटल टक्कन परत आलं पाहिजे. डावीला हात लावू नका, गुरुवारपर्यंत हीटर लावू नका. शुक्रवारी सिंहगडाचा घाट चढून या, हीटर फुल्ल, आणि वर पोहोचल्यावर दोन्ही मुठी ओल्या हाताने पिळून बघा. हलली तर रात्री कितीही वाजता मला फोन करा. आणि ती नळी कोणाकडे आहे? मागे? पुतणीची आहे, परत द्यायचीय.