४५ चा हिशेब

नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथून जवळच, शिरोळ तालुक्यातलं हे उसाचं रान. लागणीला नुकताच युरियाचा डोस पडलाय, मागोमाग पाटाचं पाणी. सरीतले पांढरे दाणे बघता बघता विरघळतात. ऊस खाईल तेवढं नत्र खाईल; उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं. आणि विहीर शंभर पावलांवर.

त्याच विहिरीची कळशी आजोबा तोंडाला लावतात. "तीन पिढ्या ह्याच पाण्यावर वाढल्या. काय झालंय आम्हांस्नी?"

खरं तर आजोबांना बहुधा काही होणारही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. हा ४५ ठरला तो दोन-तीन महिन्यांच्या बाळाकडं बघून.

१९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध झाली. बाळं वरच्या दुधावर, आणि दुधात पाणी विहिरीचं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरलं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही. पुढं १९५१ मध्ये अशा नोंदी गोळा केल्या, तेव्हा ४५ च्या आतल्या पाण्यानं निळं पडलेलं एकही बाळ सापडलं नाही. आकडा तिथून आला. आई बिचारी काळजीनं पाणी उकळते. पण उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

प्रत्येक रसायनाची माणसांतली नोंद कुठून मिळणार? मग बऱ्याचदा उंदरांवर भागवायचं. किती मात्रेपर्यंत काही बिघडत नाही ते बघायचं आणि सहसा तिला १०० नं भागायचं: दहापट उंदीर-माणसातल्या फरकासाठी, दहापट माणसामाणसातल्या. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात माणूस धरायचा ६० किलोचा, रोज २ लिटर पिणारा. रसायन जेवणातूनही पोटात जातं, म्हणून नेमकी माहिती नसेल तर पाण्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा.

आता हे २ लिटर घेऊन फडावर या. पहाटेपासून कोयता चाललाय, आणि जेवणाच्या सुट्टीआधीच कॅन पालथा. उन्हाच्या मुलखात माणूस जास्त पाणी पितो, फ्लोराइडचा आकडा ठरवताना तेही धरा, असं ही संघटनाच सांगते. फ्लोराइडची तिची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. आपल्याकडं १, दुसरं पाणीच नसेल तर दीड. आर्सेनिकचा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमचा आकडा तर उघड तडजोड आहे. त्याखाली उतरवणं अवघड, म्हणून तिथं थांबले.

विहिरीवर नातू बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळतो, भरतो, झाकण घट्ट लावून वर तारीख लिहितो. प्रयोगशाळा गाठायची आहे. आजोबा कळशीतलं उरलेलं पाणी पितात. घरात पाळण्याशेजारी मात्र नळाची वेगळी घागर आहे. ती त्यांनीच सकाळी भरून ठेवलीय.