ठ म्हणजे ठणका

(स्वयंपाकघराची भिंत. खिळ्याला कॅलेंडर. चौकटींत पेन्सिलीच्या बारीक नोंदी.)

साताऱ्यातलं आमचं स्वयंपाकघर. या खिळ्यावर दर वर्षी नवं कालनिर्णय लागतं आणि जुनं ताई जपून ठेवते. चौकटीत वर आईचा दुधाचा हिशेब, मधे कुठेतरी गॅस लावल्याची तारीख. आणि अगदी खाली, पेन्सिलीने, एक आकडा आणि एक अक्षर. 7 ठ. 4 ओ. 8 आ. कित्येक वर्षं मी हा सगळाच दुधाचा हिशेब समजत होतो.

शून्य म्हणजे आज दुखलं नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. ठ म्हणजे ठणका, क म्हणजे कळ, ओ म्हणजे ओढ, आ म्हणजे आग. माझ्या बहिणीच्या ओटीपोटातल्या दुखण्याची ही नोंद आहे.

(फरशीवर ओळीने मांडलेली तेरा कॅलेंडरं, वरून.)

2012 ते 2024. कॅमेरा वर नेल्यावर जे दिसतं, ते एकेक पान चाळताना दिसत नाही. 2012 मध्ये आकडे पाळीच्या लाल वर्तुळाला चिकटून आहेत. 2014 मध्ये ते वर्तुळाच्या आठवडाभर आधीच सुरू होतात. 2017 मध्ये रिकामी चौकट शोधावी लागते. ओटीपोटातलं दुखणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, की डॉक्टर त्याला सहसा क्रॉनिक, म्हणजे जुनाट, म्हणतात. पहिल्या चार वर्षांत ताईला बहुतेकांनी एकच सांगितलं, की पाळीत दुखतंच.

(लॅपटॉपचा पडदा. शस्त्रक्रियेची सीडी.)

2015 ची लॅपरोस्कोपी. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली आहे, नाभीपाशी पाडलेल्या छिद्रातून दुर्बीण आत आली आहे. हे ओलं, चकाकणारं गुलाबी अस्तर. आणि हे त्यावरचे काळपट ठिपके, बंदुकीची दारू जळून पडावी तसे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजल्या, की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात प्रजननाच्या वयातल्या सुमारे 19 कोटी मुली-बायकांना हा आजार आहे. दहांत एक. तरीही आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा आला, तो या सीडीसोबत.

ठिपके जाळले. आठ महिने कॅलेंडरवर एक आणि दोन. मग पुन्हा पाच, सहा, सात.

ही दुसरी सीडी, 2018 ची. तेच अस्तर, पण स्वच्छ. दुर्बीण डावीकडे जाते, उजवीकडे जाते, गर्भाशयामागे जाते. ठिपका नाही, गाठ नाही, चिकटलेलं काही नाही. 'आत काहीच नाही,' असं सांगून ताईला घरी पाठवलं. त्या आठवड्यातल्या चौकटी बघा. 7 ठ, 7 ठ, 8 आ, 7 ठ.

(ताई खिडकीशी, पोटावर गरम पाण्याची पिशवी. हा शॉट लांब ठेवला आहे.)

याच सुमारास तिची नोकरी सुटली आणि ठरलेलं लग्न मोडलं.

(वहीत ताईने काढलेली आकृती : ओटीपोट, मज्जारज्जू, मेंदू. पेन्सिल एका जागी थांबते.)

ही आकृती ताईने स्वतःसाठी काढली. आत काही नाही, तर मग दुखतं काय? याचं उत्तर शोधत ती 1983 सालच्या एका शोधनिबंधापर्यंत गेली. क्लिफर्ड वुल्फ नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं, की इजा झाल्यावर फक्त इजेची जागा हुळहुळी होत नाही, मज्जारज्जूमधल्या पेशीसुद्धा बदलतात. त्या जास्त जाग्या होतात. मग हलका स्पर्शही त्यांना वेदना वाटतो, आणि मूळ इजा थंडावली तरी त्या जाग्याच राहू शकतात. भरलेलं मूत्राशय, बसचा धक्का, सलवारीची घट्ट नाडी, एवढंही पुरतं. ओटीपोटात तर गर्भाशय, मूत्राशय, आतडी यांच्या नसा मज्जारज्जूत शेजारी-शेजारी शिरतात, त्यामुळे एकाची कळ दुसऱ्याच्या नावावर जाते. ताईची पेन्सिल जिथे थांबली आहे, ती हीच जागा. म्हणजे दुर्बिणीला दिसलं नाही, हे खरं. काही नव्हतं, हे खरं नाही.

(झेरॉक्सचं दुकान. मशीनमधून पानं बाहेर येतात.)

ताईला पडद्यावर वाचवत नाही. ती संशोधनाचे पेपर छापून आणते आणि हातात पेन्सिल घेऊन वाचते. या पानांवर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

दुसऱ्या सीडीनंतर तिला गॅबापेंटिन सुरू झालं होतं. हे मूळचं फिट्सचं औषध, नसांच्या दुखण्यावरही देतात. अशा रुग्णांना ते जगभर दिलं जात होतं, पण या दुखण्यावर त्याची मोठी चाचणी झालेली नव्हती. ती एडिनबर्गच्या डॉक्टरांनी केली. ब्रिटनमधली 39 रुग्णालयं, 18 ते 50 वयाच्या 306 स्त्रिया. सगळ्यांचं ओटीपोट दुखणारं, आणि सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलेलं, ठळक कारण न सापडलेलं. म्हणजे ताईसारख्याच 306 जणी. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल. कोणाला काय मिळालं, हे ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. 16 आठवडे हे चाललं. आणि मोजायचं कसं? शून्य ते दहा.

(छापील तक्त्यावर ताईचं बोट. शेजारी कॅलेंडर.)

2020 च्या सप्टेंबरमध्ये निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेवटच्या चार आठवड्यांतलं सगळ्यांत वाईट दुखणं : औषधाच्या गटात सरासरी 7.1, दुसऱ्या गटात 7.4. एरवीचं दुखणं : 4.3 आणि 4.5. फरक मानावा इतका फरक नाही. गरगरणं, झापड आणि डोळ्यांपुढे धूसर होणं मात्र औषधाच्या गटात जास्त.

ताई हे वाचून म्हणाली, 'अरे, ही तर माझी कॅलेंडरं आहेत.' तिचंही डोकं वर्षभर गरगरत होतं आणि आकडा सातावरच होता. डॉक्टरांशी बोलून तिने गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

औषध लागू पडत नाही, या बातमीने माझी बहीण खूश झाली होती. मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. तोवर गोळीचा गुण येत नाही, तर हिचंच काहीतरी चुकतंय, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

(एसटीची खिडकी. सीटवर हवेची गोल उशी.)

साताऱ्याहून स्वारगेट. खंबाटकीचा बोगदा संपून वळण आलं, की ताई पुढच्या सीटची दांडी धरते. मांडीखालची ही उशी तिची स्वतःची.

(फिजिओथेरपीची खोली. चटईवर ताई, पोटावर स्वतःचा हात.)

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. वर्षानुवर्षं दुखत राहिलं, की ही झोळी आवळून बसते आणि तो आवळ स्वतःच दुखायला लागतो. म्हणून इथे व्यायाम आहे तो सोडण्याचा. श्वास आत गेला, की पोट वर येतं, झोळी खाली उतरते. ताईच्या हाताकडे बघा. तो पहिल्यांदा कुठे थांबतो, आणि पुढच्या श्वासाला कुठवर जातो.

पहिल्या दिवशी इथल्या बाईंनी कॅलेंडरं मागितली. त्यांनी आकडे बाजूला ठेवले आणि अक्षरं वाचली. ओ कुठल्या दिवशी, आ कशानंतर. तेरा वर्षांत अक्षरं विचारणाऱ्या त्या पहिल्या.

(परळ. रस्ता, झाडं, संस्थेची पाटी, फाटक.)

मुंबईतल्या परळची ही राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था. भारतातल्या एंडोमेट्रिओसिसचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास इथून चालतो, देशातल्या वेगवेगळ्या भागांतली रुग्णालयं त्यात आहेत. हे फाटक पाहायला ताईच मला घेऊन आली, त्यालाही एक पेपर कारण आहे. 2023 चा, ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेला. एंडोमेट्रिओसिस असलेल्या 60 हजारांवर स्त्रियांची जनुकं तपासली, आजाराशी जोडलेल्या 42 जागा सापडल्या. त्यांतल्या काही अर्धशिशीशी आणि पाठदुखीशीही जुळतात. ताईला अर्धशिशी आहे. ते वाक्य तिने दोनदा अधोरेखित केलं. पण त्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. आपल्या बायका त्यात नाहीत. समासात ताईने लिहिलंय : 'आपलं रक्त कधी?'

(स्वयंपाकघर. संध्याकाळ. ताई कॅलेंडरपाशी, पेन्सिल हातात.)

आज तिने 3 लिहिलं आणि अक्षरासाठी थोडा विचार केला. ओ.

मग मला म्हणाली, 'तुला एक फाइल पाठवलीय बघ, चौदा पानं आहेत. दुकान नऊला बंद होतं. आणि पाठपोट छापू नको, मला लिहायला जागा लागते.'