ठिबकच्या टाकीतले आयन

रावेर-यावलपासून पार शिरपूर-शहाद्यापर्यंत जे कोणी ऐकताय त्या सगळ्यांना रामराम. आजचा विषय तसा शाळेच्या पुस्तकातला, आयन, पण फळा-खडू काही काढत नाही, आपण केळीच्या बागेत ठिबकच्या टाकीपाशीच उभं राहू.

पोटॅशची गोणी घ्या. आत पोटॅशियम क्लोराईड. पोटॅशियमच्या अणूत 19 प्रोटॉन, 19 इलेक्ट्रॉन, आणि त्यातला शेवटचा एकदम सैल. क्लोरीनकडे 17, त्याला एक कमी पडतो. मग याचा गेला, त्याला मिळाला, दोघांकडे 18-18 झाले, पण प्रोटॉन होते तेवढेच राहिले ना, म्हणून पोटॅशियम धन झाला आणि क्लोराईड ऋण. हेच आयन. आता यांची दोघा-दोघांची जोडी वगैरे नसते बरं का, प्रत्येकाच्या भोवती उलट प्रभाराचे सहा, असा अख्खा खडाच रचलेला असतो, आणि पकड एवढी की वितळवायला 770 अंश सेल्सिअस लागतात, जळगावचा मे महिना त्याच्यापुढे काहीच नाही. पाण्यात मात्र तो आरामात विरघळतो, कारण पाण्याचे रेणू एकेका आयनला घेरून सुटं करतात.

सुटे आयन वीज वाहतात. ईसी मीटर, म्हणजे पाणी किती वीज वाहतं ते मोजणारा, पाण्यात बुडवला की आकडा चढतो तो यांच्यामुळेच. युरियाचं करून बघा, तोही पांढरा, तोही झटकन विरघळतो, पण आकडा जेमतेम हलतो, कारण युरिया रेणू म्हणूनच विरघळतो, आयन होत नाही. त्याचा अमोनियम आयन पुढे जमिनीत होतो, युरिएज नावाच्या एन्झाइममुळे.

आता खरी डोकेदुखी. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट, म्हणजे अमोनियम फॉस्फेटचं खत, एकाच टाकीत टाकलं की पाणी दुधाळ होतं, आणि लोक म्हणतात खत डुप्लिकेट निघालं. अहो, खत बरोबर असतं! पाण्यात गेल्यावर कोणता आयन कुठल्या गोणीतला हा हिशोबच उरत नाही, कॅल्शियमला फॉस्फेट भेटला की दोघं मिळून न विरघळणारा साका करतात, तोच ड्रिपरमध्ये बसतो, मग लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, झटकत फिरा. झिरो-झिरो-पन्नास म्हणजे पोटॅशियम सल्फेट, त्यात सल्फेट असतं, ते दाट द्रावणात कॅल्शियमसोबत मिसळलं तर जिप्समचा साका. म्हणून कॅल्शियम वेगळ्या दिवशी सोडायचं.

शंका असली तर दोन बाटल्यांत आपल्याच बोअरच्या पाण्यात, टाकीत करता तेवढंच दाट, दोन्ही खतं वेगवेगळी विरघळवा, मग एकत्र ओता आणि जरा वेळ थांबा. गढूळ झालं तर ती जोडी टाकीत एकत्र टाकू नका.