रविवारची पद्मिनी

(दृश्य : लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उचललेली प्रीमियर पद्मिनी गाडी. दाराखालचा पत्रा, जवळून.)

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ही पट्टी म्हणजे सिल. रंग शाबूत दिसतोय, पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं की थेट आत जातं. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. म्हणून सिल सडली की गाडीचा कणाच जातो, आणि नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणं म्हणजे बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणं.

कापायच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. दारं काढलेली नाहीत, हे नीट बघा. दार बंद ठेवून चौकटीपासूनची फट वर, मध्ये आणि खाली मोजली, खडूने पत्र्यावरच लिहिली. आतून चौकटीत लोखंडी अँगल टाचला. एका वेळी एकाच बाजूची सिल कापायची. दोन्ही एकदम कापल्या तर बॉडी मधून खाली बसते, मग नवी सिल कितीही सुबक जोडा, दार लागत नाही.

(दृश्य : ठिणग्या. वेल्डिंगचा प्रकाश.)

आतल्या पट्टीला १८ गेजचा पत्रा, बाहेरच्या कातडीला २० गेजचा. सीओटू वेल्डिंगचा एक टाका इथे, पुढचा हातभर अंतरावर, मग परत मागे. सलग ओढलं तर पत्रा तापून लाटा धरतो आणि त्या ठोकून काढण्यात आठवडा जातो. हे टाके देणारी मुलगी आयटीआयला शिकते. अँगल धरून उभे आहेत त्यांनी उभं आयुष्य फिटर म्हणून काढलं. पलीकडे दार तोलून धरणाऱ्या गृहस्थांची बँकेत नोकरी आहे. जुन्या पद्मिनी दुरुस्त करायला दर रविवारी या शेडमध्ये अशी आठ-दहा माणसं जमतात. पगार कुणालाच नाही. चहाची वर्गणी सगळ्यांना.

(दृश्य : बॉनेटवरचं बोधचिन्ह. जुन्या गाड्यांची रांग.)

ही गाडी आपल्या मातीतली आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, आणि थोड्याफार फरकाने तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने रस्त्यावर धावू लागली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्प्रिंगचे पाटे. तीसहून अधिक वर्षं हेच इंजिन बनत राहिलं. त्यामुळे गावोगावच्या गॅरेजमध्ये एकाने दुसऱ्याला हाताला धरून ते शिकवलं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या चारही बाजूंनी हात फिरतो. कार्बोरेटर, डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), पेट्रोल पंप, सगळं डोळ्यांसमोर. नवख्याला शिकवायला याहून सोयीचं इंजिन मिळणं कठीण.

(दृश्य : हेड उतरवताना.)

ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड, ते अॅल्युमिनियमचं. तापलेल्या इंजिनावरून हेड कधीही उतरवायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचं. बोल्ट सोडायचे ते कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे. आवळायचे ते मध्यापासून बाहेर, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने. एकच कोपरा आधी आवळला तर हेड वाकतं आणि हेड-ब्लॉकमधली नवी गास्केट काही दिवसांतच फुंकते.

आता पोलादी पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवली आहे. तिच्याखाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ०.१ मिमीची पाती सरकते आहे. म्हणजे हेड वाकलंय, ते मशीन शॉपला जाणार. आणि पाण्याच्या वाटांमधला हा पांढरा खरवडा बघा. वर्षानुवर्षं कूलंट न घालता नळाचं पाणी भरलं, की अॅल्युमिनियम असं खाल्लं जातं. गाडी गरम होते म्हणून रेडिएटर बदलणारे पुष्कळ भेटतात, हा खरवडा साफ करणारा क्वचित.

डेल्कोच्या झाकणाखाली पॉइंट आहेत, ठिणगीसाठी उघडझाप करणारे. फट ०.४ ते ०.५ मिमी. पॉइंट वरचेवर जळत असतील तर नुसते घासून भागत नाही, कंडेन्सर बदलावा लागतो. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२. शेडच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवला आहे, कारण नवीन आलेला प्रत्येक जण इथे एकदा तरी अडकतो.

(दृश्य : कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्याची नाना पेठ.)

सुटे भाग मिळवणं हा निम्मा उद्योग. मुंबईकर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं भंगार धुंडाळतात, पुणेकर नाना पेठेतल्या दुकानांचे माळे. रबरी भागांच्या बाबतीत मात्र जुना माल नकोच. वीस वर्षं पाकिटात पडलेलं व्हील सिलिंडरचं रबर नवं दिसतं, पण कडक झालेलं असतं. पेट्रोलची नळीही तशीच. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि ओल धरून टाकीला आतून गंज लावतं. त्यामुळे पूर्वीच्या नळ्या काढून व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या, घालायच्या, पंपाचा डायफ्रामही बदलायचा.

(दृश्य : एक जण गाडीत, एक जण चाकामागे झोपलेला.)

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतातच. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या डाव्या.

"काका, पॅडल अजून मऊच लागतंय."

"तीनदा मार आणि दाबून धर. मी म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही."

चाकामागचा हवा काढायचा निपल अर्धा फेरा सैल होतो, नळीतून बुडबुडे येतात, निपल आवळला जातो, आणि मगच "सोड" अशी हाक येते. पाय आधी उचलला तर हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. दर चाकानंतर ब्रेक ऑइलची टाकी बघायची, रिकामी पडू द्यायची नाही. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रतीचं. इंजिन ऑइल चुकूनसुद्धा यात पडलं, तर सगळी रबरं फुगून ब्रेक अडकतात.

(दृश्य : काळी-पिवळी टॅक्सी.)

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी शहरातून हद्दपार झाली. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूप जपलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी नाही.

(दृश्य : चारही प्लग काढलेले. सिलिंडरमध्ये ऑइल सोडताना.)

वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी तुमच्या आवारात असेल, तर बॅटरी जोडून थेट सेल्फ मारू नका. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन पुलीवरून हाताने फिरवा. अडलं तर जोर करायचा नाही, आणखी ऑइल, आणखी एक दिवस. मोकळं फिरलं की इंजिनाचं ऑइल बदलून, प्लग न लावताच सेल्फ मारायचा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. वेगळ्या कॅनमधून नळी पंपाला जोडा, आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर घेऊन एक माणूस उभा करा.

(दृश्य : पहिला स्टार्ट. मूळ आवाज तसाच ठेवणे, निवेदन नाही.)

हा निळसर धूर सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा आहे, थोड्या वेळात जातो. गेला नाही तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची रबरी सीलं संपली आहेत. पांढरा धूर येतच राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर हेड पुन्हा उतरवायचं.

आणि गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल, तरी भंगारवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या अशा एखाद्या शेडमध्ये विचारा. एक दार, एक ब्रेक ड्रम, गिअरच्या दांड्याचा एक बुशसुद्धा कुणाच्या तरी अडलेल्या गाडीला हवा असतो. काढून न्यायला पाने घेऊन माणसं येतील.