कानातला बिल्ला आणि राहून गेलेला फेरफार

मंडळी, तुमच्या गाईच्या कानात जो पिवळा बिल्ला आहे, त्यावरचा बारा आकडी नंबर किती जणांनी वहीत लिहून ठेवलाय? तीनच हात. गाडीचा नंबर मात्र झोपेतून उठवलं तरी सांगाल.

१ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. 'भारत पशुधन' या सरकारच्या जनावर-नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंद हवी. त्याच वर्षी जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, त्यालाही हीच अट होती. तेव्हा आपण धावत जाऊन बिल्ले मारून घेतले. ते अनुदानासाठी. पुढे त्या नंबराचं काय करायचं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

आता बाजारात चला. दोन वेळची धार न काढता कास तुंबवून आणलेली गाय उभी आहे. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, म्हणतो, 'दुसऱ्या वेताची, बारा लिटरची.' रुमालाखाली बोटं धरली, सौदा झाला. घरी येऊन पिळली तर सात लिटर. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या लेखी गाय म्हणजे 'माल', खुर्ची-टेबलासारखा. तोंडी सौदाही कायदेशीर ठरतो, पण 'बारा लिटर' हा शब्द सिद्ध करायचा कसा? माल पारखून घेण्याची जबाबदारी बहुतेक वेळा घेणाऱ्याचीच. म्हणून घेणारा आधीच भाव पाडून बोलतो आणि ज्याची गाय खरोखर बारा लिटरची आहे, तोही मार खातो. नंबराखाली रेतनाच्या, वेताच्या, लसीच्या तारखा भरलेल्या असतील, तर निदान वेताबद्दल तरी थाप चालणार नाही.

बिल्ल्याला जनावराचा सातबारा म्हणतात. ठीक आहे, पण सातबाऱ्याला फेरफार लागतो, तो इथे कोण करतो? आमच्याच घरची गोष्ट सांगतो. शेजारच्या गावातून गाय आणली, विमा उतरवला, वर्षाच्या आत गाय गेली. बिल्ला कानात होता, नंबरही जुळला. संगणकावर मालक मात्र जुनाच. दावा आठ महिने अडकला. चूक आमचीच होती, पण त्या आठ महिन्यांत तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. २०१५ पासून बैल कत्तलीला विकता येत नाही. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, वैरण मात्र रोज लागते. सोडून द्यावा तर बिल्ल्यावरून मालक सापडतो. मग काही जण बिल्लाच उपटतात. महामार्गावर फाटक्या कानाचे बैल तुम्हीही पाहिले असतील. हे निर्दयीपणाचं आहे, यात वाद नाही. पण सांभाळण्याचा खर्च कुणी उचलायचा, हे न ठरवता नुसता मालक शोधून काढणारा नंबर शेतकऱ्याला आपला वाटणार नाही, हेही मी सरकारी बैठकांत सांगत आलोय.

तेव्हा सौदा झाला की पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकी बदलून घ्या. दोघांनी जा, मोबाईल सोबत ठेवा. बिल्ला पडला तर नवा मारून घ्या आणि विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवा. मारताना कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मध्ये मारायला सांगा. कडेला मारलेला तारेत अडकतो आणि कान फाडून निघतो.