पदक, फटका आणि खुर्चीतला मुलगा

नमस्कार मंडळी. पोराला दोन ठेवून द्यावेत की चॉकलेट दाखवून काम करून घ्यावं, हा वाद घरोघरी असतो. फटक्याचं थोडक्यात सांगते. फटका बसला की पोर गप्प होतं, आपल्याला वाटतं झालं काम, पण ते शिकतं एवढंच की पुढच्या वेळी सापडायचं नाही, आणि मग थापा सुरू. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, कलम १७ ने, मारायला बंदीच आहे, तरी काही पालक स्वतःहून सांगतात, "सर, खुशाल बदडा". फार वाईट वाटतं हो ऐकून.

आणि बक्षीस? त्याचा एक किस्सा मला सांगायचाच आहे. मारिया मॉन्टेसरी, इटलीतल्या डॉक्टरबाई, त्यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत 'बालगृह' काढलं, म्हणजे लहान पोरांची शाळाच. त्या एकदा वर्गात गेल्या तर काय, एका हुशार मुलाच्या गळ्यात तिथल्या शिक्षिकेने बक्षीस म्हणून पांढऱ्या फितीत चांदीचा क्रॉस घातलेला, आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून मधोमध खुर्चीत बसवलेलं. पदकवाला टेबलावरून सामान ने-आण करण्यात अगदी गुंग, तेवढ्यात त्याचं पदक खाली पडलं. खुर्चीतल्याने उचललं, उलटंपालटं करून बघितलं, म्हणाला, अरे तुझं हे पडलं बघ. तो म्हणाला, पडू दे. मग मी घालू? घाल की! आणि परत आपल्या कामाला. खुर्चीतल्याने ते पदक छातीवर नीट लावलं आणि ऐटीत रेलून बसला. बघा हं, शिक्षा झालेला खूश, आणि ज्याला काम होतं त्याला पदकाची आठवणसुद्धा नाही!

म्हणजे पदक कुणाला लागतं, तर ज्याच्या हाताला काम नाही त्याला. परत सांगते, ज्याच्या हाताला काम नाही त्याला. (हल्ली वाढदिवसाला येणाऱ्या प्रत्येक पोराला रिटर्न गिफ्ट द्यायचं फॅड आलंय ना, ते मला मुळीच पटत नाही, पोरं खेळायचं सोडून पिशव्या चाचपत बसतात.) शाबासकी जरूर द्या, पण "हे केलंस तर ते देईन" असा सौदा नको, नाहीतर उद्या पोर आधी भाव विचारतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या दोघी, यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला हेच ओळखलं, की पोर आपल्या कामात असतं तिथेच त्याला शिकवावं. आदिवासी पोरं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत, तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा, आणि गुरं चरत असताना तिथेच शिकवलं.