वळणावरची रेलिंग आणि लाकडाचा खांब

राजेहो, बोर्डावर विषय लिहिलाय 'रोडच्या रेलिंगला लाकडी खांब', पण आधी आमच्या गावच्या वळणावरची रेलिंग सांगू द्या, नाहीतर मले रात्री झोप नाही लागत. लोखंडी बसवली, झकास चमकायची. मग नट गेले. मग एक पट्टी ढिली झाली अन् एका रात्री गायब, ती पुढं एका गोठ्याच्या फाटकाले दिसली, म्हणे सापडली. हसू नका, मागच्या बाकावरच्यायले माहीत हाय गोठा कोणाचा. वावरात बैलगाडी न्यायले जागा पाहिजे म्हणून दोन खांब वाकवले, ते निराळंच. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, अंदाजपत्रकात घेतो. तोवर तिथं बाभूळ वाढली! आता रेलिंग सरळ रोडवर हाय, वळणावर बाभूळ हाय.

अन् बाभळीनं लोक वाचतील असं ज्यायले वाटते त्यायच्यासाठीच हे व्याख्यान. झाड हालत नाही, म्हणून गाडी चेपते. रेलिंगच्या खांबाचं काम गाडी अडवणं नाही भाऊ, जमिनीत थोडं कलणं हाय. खांब माती ढकलत कलतो, धडकेचा जोर तिथं जिरतो, अन् पट्टी ताणलेली राहून गाडीले रोडच्या बाजूनं वळवते. अमेरिकेत सहा बाय आठ इंची लाकडी खांब याच हिशेबानं वापरतात. खांब अन् पट्टीच्या मधात लाकडाचा ठोकळा असते, चाक खांबात अडकू नये म्हणून. रेलिंगच्या टोकाच्या काही खांबायले तर जमिनीलगत मुद्दाम भोकं पाडतात, धडक बसली की ते तिथूनच मोडावं.

आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. २०२३ मधी वणी-वरोरा रोडवर २०० मीटर बांबूची रेलिंग लागली, 'बाहुबल्ली' नाव. बाल्कोआ जातीचा बांबू, त्याले क्रिओसोट, म्हणजे सड अन् कीड रोखणारं तेल पाजलेलं, वरून रिसायकल प्लास्टिकचा थर, अन् इंदूरजवळ पिथमपूरले गाडी ठोकून तपासलेली. बांबूची गोष्ट निघाली तर गडचिरोलीच्या मेंढा-लेखाले बांबूचा हक्क २०११ मधी मिळाला तोही किस्सा सांगतो... बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणते.

तर भरभर सांगतो. सागवान नको, परवडत नाही अन् रातोरात जाईल. साधं लाकूड घ्या, पण दाबाखाली तेच क्रिओसोट तेल पाजलेलं, जुन्या रेल्वे स्लीपरले असे तसं, नुसतं वरून पोतारलेलं नको, उधई आतून खाते. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात चिखल होते, खांब ढिला होईल, म्हणून बुडाशी मुरूम कुटून भरा. अन् पावसाळ्यानंतर बुड खरवडून पाहा, लाकूड वरून ठणठणीत दिसते अन् मातीजवळ सडलेलं राहते.

चुलीचं विचारता? हो, लोखंड भंगारात जाते तसं लाकूड चुलीत जाईल, म्या नाकारत नाही. पण क्रिओसोटचं लाकूड चुलीत नको, धूर विषारी असते, हे ग्रामसभेत आधी सांगा अन् मगच खांब रोवा.